विद्यापीठाची शाखा: पाटी गावात, निर्णय कुठे?

जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना मुंबई आणि नवी मुंबई परिसरात शाखा काढण्यासाठी इरादापत्रं मिळाली. ब्रिटनची अ‍ॅबर्डीन आणि यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अमेरिकेची इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था. पेपरात मोठे फोटो आले. तापीच्या काठावर बातमी वाचणाऱ्याच्या मनात मात्र अहिराणीतला जुनाच प्रश्न येतो: "मंग आमले काय भेटनं?"

प्रश्न रास्त आहे, पण तो थोडा उशिराचा आहे. मुंबईच्या एका विद्यापीठाची शाखा खानदेशात कधीचीच आहे. शिरपूरला. मुंबईचं अभिमत (डीम्ड) विद्यापीठ असलेल्या एनएमआयएमएसचा परिसर तिथे चालतो, विलेपार्ल्याच्या केळवणी मंडळाच्या नावाने. जळगावला उमवि आहे, जिचं नाव आता कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आहे. धुळ्याचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या विद्यापीठाचं. धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या सरकारी मेडिकल कॉलेजांची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. म्हणजे विद्यापीठं आपल्याकडे या ना त्या रूपात पोहोचलेली आहेत. गोंधळ होतो तो रूपांचा. 'केंद्र', 'उपकेंद्र', 'परिसर', 'संलग्न', 'विस्तार' हे शब्द पाटीवर सारखेच दिसतात आणि निवडणुकीच्या आधीच्या घोषणांत तर ते एकमेकांच्या जागी सहज बसतात. आत मात्र प्रत्येकाचा कारभार वेगळा.

## चार रूपं, एकदाच समजून घेऊ

केळीच्या बागेत उभं राहिलं की हा विषय निम्मा कळतो. मूळ झाडाच्या बुंध्याला पिलं फुटतात. पील आईच्या कंदाला जोडलेलं असतं तोवर पाणी-खत तिच्याकडूनच घेतं. ते कंदासकट काढून दुसरीकडे लावलं की स्वतःच्या मुळांवर उभं राहतं. जास्त पिलं ठेवली की आईचा घड हलका होतो, म्हणून शेतकरी ती वेळोवेळी कापतो. आणि प्रत्येक पील लावण्यालायक नसतं. तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पानं असलेलं पील जोमदार निघतं, तर सुरुवातीलाच रुंद पानं काढणारं पील दिसायला टवटवीत, पण कंद कमजोर.

आता विद्यापीठाकडे वळू. पहिलं रूप संलग्न महाविद्यालयाचं. कॉलेज एखाद्या शिक्षण संस्थेचं किंवा सरकारचं असतं. विद्यापीठ त्याला अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी देतं. इथे पील कुणा दुसऱ्याचंच आहे, विद्यापीठ त्याला फक्त नाव देतं.

दुसरं रूप उपपरिसराचं. जमीन, इमारत, प्राध्यापक, पैसा सगळं विद्यापीठाचं, फक्त जागा वेगळी. हे आईला जोडलेलं पील.

तिसरं रूप विद्यापीठ-समूहाचं. अनेक परिसर, प्रत्येकाला स्वतःचा प्रमुख, स्वतःचे विभाग, स्वतःची ओळख. वर एकच नियामक मंडळ. वेगळी लावलेली, पण एकाच मालकाची झाडं.

चौथं रूप बाहेरून आलेल्या शाखेचं, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या, शहरातल्या किंवा देशातल्या विद्यापीठाची. शिरपूर त्यातलं, नवी मुंबईची नवी मंडळीही त्यातली.

यातलं कोणतं रूप चांगलं, हा प्रश्न मी विचारणार नाही. त्याऐवजी चार साधे प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारू. प्राध्यापक कोण नेमतं? फीचा पैसा कुठे जातो? पदवीवर कुणाचं नाव? आणि शाखा बंद करायचा अधिकार कुणाकडे?

## आपली वाट लंडनहून आली

लंडन विद्यापीठ १८३६ मध्ये सुरू झालं तेव्हा ते स्वतः शिकवत नव्हतं. कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं याच नमुन्यावर उभी राहिली. पुढे लंडनने स्वतःचा ढाचा बदलला. आपण मात्र तो नमुना धरून बसलो, आणि त्याला कारणही होतं: थोड्या पैशात प्रचंड मोठ्या प्रदेशात पदवी पोहोचवण्याची दुसरी सोय नव्हती.

खानदेशची कॉलेजं या रीतीत जन्मली. अमळनेरचं प्रताप कॉलेज १९४५ चं. ते आधी मुंबई विद्यापीठाकडे, पुढे पुणे विद्यापीठ झाल्यावर पुण्याकडे आणि १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला विद्यापीठ स्थापन झाल्यावर जळगावकडे. इमारत तीच, गावही तेच. गुणपत्रिकेवरचं नाव तेवढं बदलत गेलं.

संलग्नतेत काय प्रवास करतं आणि काय करत नाही, हे नीट पाहायला हवं. अभ्यासक्रम येतो, प्रश्नपत्रिका येते, निकाल येतो. मोठी प्रयोगशाळा येत नाही. संशोधनाचं मार्गदर्शन क्वचित येतं. ग्रंथालयातली नियतकालिकं येत नाहीत. सातपुड्यातल्या धडगावच्या मुलाला बी.ए.ची पदवी घरापासून जवळ मिळते, पण विद्यापीठ नावाची जी गोष्ट असते, जिथे चार वेगळ्या विषयांचे लोक एका कॅन्टीनमध्ये भांडतात, ती त्याच्यापासून दीडशे किलोमीटरहून लांब गिरणेच्या काठी राहते. नंदुरबारहून निदान सुरत-भुसावळ लाइनची गाडी आहे. शहाद्याला तर रेल्वेच नाही.

प्रदेश फार मोठा झाला की आपण काय करतो? वाटणी. पुण्यातून जळगाव १९९० मध्ये वेगळं झालं. मराठवाड्यात १९९४ ला नांदेड, २००४ ला एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी सोलापूर, आणि २०११ ला नागपुरातून चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ. नवं विद्यापीठ म्हणजे नवा कुलगुरू, नवी परीक्षा यंत्रणा, नवी इमारत. पण संलग्नतेचा नमुना तोच राहतो. पुणं जवळ आलं एवढंच.

उपपरिसराची वाट त्या मानाने नवी. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा धाराशिवला, नांदेडच्या विद्यापीठाचा लातूरला, मुंबई विद्यापीठाचा रत्नागिरीला असे परिसर आहेत. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात उपपरिसराला जागा आहे आणि त्याच्या संचालकालाही. पण संचालक आणि कुलगुरू यांच्यात अंतर मोठं आहे. पद भरायचं, खरेदी करायची, नवा विषय सुरू करायचा, तर फाइल मुख्यालयात जाते.

## कॅलिफोर्निया: संत्र्यांच्या केंद्रातून विद्यापीठ

हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण खानदेशला यातून सर्वात जास्त घेण्यासारखं आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठ १८६८ मध्ये राज्याच्या उत्तरेत सुरू झालं आणि बर्कलीत स्थिरावलं. दक्षिणेतल्या लोकांची तक्रार तुमच्या-आमच्यासारखीच होती: सगळं तिकडे, आम्हाला काही नाही. १९१९ मध्ये लॉस एंजेलिसचं शिक्षकांना घडवणारं सरकारी कॉलेज विद्यापीठाने आपल्यात घेतलं आणि त्याला नाव दिलं 'दक्षिण शाखा'. पदवीची फक्त पहिली दोन वर्षं तिथे, पुढचं शिकायला बर्कलीला या, असा सुरुवातीचा हिशेब होता. काही वर्षांतच तिथे चार वर्षांची पदवी सुरू झाली, १९२७ मध्ये नाव बदललं, आणि आज जग त्या शाखेला यूसीएलए म्हणून ओळखतं. शाखा आईच्या खांद्याला लागली.

हे आपोआप झालं नाही. १९५० च्या दशकात प्रत्येक परिसराला स्वतंत्र प्रमुख मिळाला. त्याला तिथे चान्सलर म्हणतात. आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल, तसा तो नव्हे. तो रोजचा कारभार हाकणारा, आपल्या कुलगुरूच्या तोडीचा माणूस. सगळ्या परिसरांवर एकच रीजंट्सचं, म्हणजे विश्वस्तांचं, मंडळ आणि एक अध्यक्ष. प्राध्यापक परिसरच निवडतो. पगाराच्या श्रेणी आणि निवृत्तिवेतन सगळीकडे एक. पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं नाव आहे आणि परिसराचंही.

आता संत्र्यांची गोष्ट. दक्षिण कॅलिफोर्नियात संत्र्याच्या बागा मोठ्या. १९०७ मध्ये रिव्हरसाइड गावात विद्यापीठाने लिंबूवर्गीय फळांचं संशोधन केंद्र काढलं. थोडी माणसं आणि प्रयोगाची शेती, बस. १९५४ मध्ये त्याच जागी पदवीचं कॉलेज उघडलं आणि १९५९ मध्ये तो सर्व विषयांचा पूर्ण परिसर झाला. डेव्हिसचा परिसरही असाच, विद्यापीठाच्या शेतातून वाढलेला.

जळगावला निमखेडीत केळी संशोधन केंद्र आहे. ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. रावेर-यावलच्या केळीवर तिथे काम होतं. केंद्र आहे, पीक आहे, शेतकरी आहे, बाजार आहे. रिव्हरसाइडला सुरुवातीला यापेक्षा फार वेगळं काही नव्हतं. फरक पडला तो पुढच्या पायरीत: केंद्राला पदवी शिकवायचा, मग दुसरे विषय जोडायचा आणि मग स्वतःची माणसं नेमायचा अधिकार मिळत गेला. आपल्याकडे खानदेशला वेगळं कृषी विद्यापीठ हवं ही मागणी होते, आणि लगेच ते धुळ्यात की जळगावात यावर वाद सुरू होतो. वाद जागेचा होतो, अधिकाराचा होत नाही.

१९६० मध्ये कॅलिफोर्नियाने उच्चशिक्षणाचा एक मोठा आराखडा केला. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांतल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशांसाठी राज्य विद्यापीठांचा दुसरा समूह, आणि सर्वांना खुली असलेली दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं. तिथून पुढे वर जायला वाट ठेवलेली. या आराखड्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण प्रत्येक गावाने बर्कलीच मागावी, ही ओढ त्याने बरीच कमी केली.

तरीही शेतीप्रधान सॅन वाकीन खोरं मागेच राहिलं. तिथे मर्सेडला परिसर उघडायला २००५ साल उजाडलं. तिथल्या विद्यार्थ्यांत घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे. श्रीमंत राज्यालासुद्धा मागास भागापर्यंत पोहोचायला इतकी वर्षं लागली, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

## एकच पदवी, अनेक गावं

अमेरिकेतच पेनसिल्व्हेनियात दुसरी रीत आहे. पेन स्टेट स्वतःला एकच विद्यापीठ म्हणवतं, फक्त गावोगाव पसरलेलं. लहान गावांतल्या परिसरात पहिली दोन वर्षं शिकायचं, पुढची दोन मोठ्या परिसरात. घरून ये-जा केल्याने खर्च वाचतो आणि पदवी एकच मिळते. ती कुठे शिकलात हे पदवीच्या कागदावर येत नाही.

गरीब घरच्या मुलासाठी यापेक्षा सोयीची व्यवस्था सुचणं कठीण. पण या व्यवस्थेत शाखेचा जीव मुख्यालयाच्या हातात असतो. मे २०२५ मध्ये विद्यापीठाच्या विश्वस्तांनी असे सात परिसर २०२७ च्या वसंत सत्रानंतर बंद करायचं ठरवलं. विद्यार्थीसंख्या घटली होती, त्या भागांत तरुण माणसंच कमी झाली होती. गावकऱ्यांनी विरोध केला, पण निर्णय त्यांच्या हातात नव्हताच.

नॉर्वेत नेस्ना नावाचं दोन हजारांहूनही कमी वस्तीचं गाव आहे. तिथे शिक्षक घडवण्याची जुनी परंपरा. लहान कॉलेजं एकत्र करून मोठी विद्यापीठं करण्याच्या लाटेत ते नोर्द विद्यापीठात गेलं, आणि २०१९ मध्ये विद्यापीठाने नेस्ना बंद करायचं ठरवलं. लोक पेटले. पुढे सरकार बदललं, वरून पैसा आला आणि तिथे पुन्हा शिकवणं सुरू झालं. म्हणजे बंद करायचा अधिकार कागदावर विद्यापीठाकडे होता, पण मतपेटी त्याहून वर निघाली.

## बारा देशांचं एक विद्यापीठ

प्रशांत महासागरातली छोटी बेटं. काही देशांची लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या गावाइतकी. प्रत्येकाला स्वतःचं विद्यापीठ परवडणार नाही. म्हणून १९६८ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक उभं राहिलं. आज बारा देश त्याचे मालक आहेत. मुख्य परिसर फिजीत, शेतीचा सामोआत, कायद्याचा वानुआतूत. १९७० च्या दशकातच हे विद्यापीठ नासाच्या उपग्रहावरून बेटांना जोडण्याचे प्रयोग करत होतं, त्यामुळे ऑनलाइन शिक्षण म्हणजे कोविडचं अपत्य असा ज्यांचा समज आहे, त्यांनी हे नोंदवून ठेवावं.

खरी कसोटी २०२१ मध्ये लागली. फिजीच्या सरकारचं आणि कुलगुरू पाल अहलुवालिया यांचं बिनसलं. सरकारने त्यांना थेट देशाबाहेर काढलं. एका सरकारच्या मालकीचं विद्यापीठ असतं तर विषय तिथेच संपला असता. पण मालक बारा होते. विद्यापीठाच्या परिषदेने त्यांना पदावर ठेवलं आणि त्यांनी नाउरूतून, मग सामोआतून कारभार चालवला. फिजीने आपला आर्थिक वाटा अडवून धरला, त्याचे चटके विद्यापीठाला बसले. तरी नेमणुकीचा अधिकार एकाच हातात नसणं म्हणजे काय, याचं इतकं ठसठशीत उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

कॅरिबियन बेटांचं वेस्ट इंडीज विद्यापीठ १९४८ पासून याच वाटेने गेलं: आधी जमैका, मग त्रिनिदाद, मग बार्बाडोस. त्रिनिदादचा परिसर जुन्या उष्णकटिबंधीय शेतीच्या कॉलेजातून झाला. इटलीत बोलोन्यासारख्या प्राचीन विद्यापीठानेही जवळच्या गावांत परिसर काढले आणि विषय गावाला साजेसे दिले: समुद्रकिनाऱ्याच्या रिमिनीत पर्यटन, मोझेकच्या चर्चसाठी प्रसिद्ध असलेल्या राव्हेन्नात वारसा जतन.

## रुंद पानांची पिलं

आता न टिकलेल्या शाखा. केनियात सरकारी विद्यापीठांनी स्वखर्चाने शिकणाऱ्या मुलांच्या फीवर शहरोशहरी परिसर काढले. कुठे बँकेच्या वर, कुठे दुकानांच्या माळ्यावर. पैसा येत होता तोवर पाट्या वाढत गेल्या. मग २०१६ च्या सुमारास शालान्त परीक्षेतल्या कॉपीवर सरकारने कडक कारवाई केली. पात्र मुलांची संख्या एकदम घसरली आणि उरलेल्या मुलांना सरकारी अनुदानाच्या जागाच पुरल्या. स्वखर्चाचा झरा आटला तसे ते परिसर एकामागोमाग बंद झाले. यात शिकवण्याचा दर्जा हा वेगळा विषय आहे. मूळ दोष असा की त्या शाखांना स्वतःचा कंद नव्हता: ना जागा, ना कायम प्राध्यापक, ना गावाशी जोडलेला विषय.

आपल्याकडे छत्तीसगडने २००२ च्या कायद्याखाली थोड्याच काळात शंभराहून अधिक खासगी विद्यापीठं कागदावर मंजूर केली होती. काहींकडे इमारतही नव्हती. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती व्यवस्था रद्द केली. राज्याच्या कायद्याने झालेलं विद्यापीठ राज्याबाहेर केंद्रं उघडू शकत नाही, ही मर्यादाही त्या निकालाने ठळक झाली. परराज्यातल्या कुठल्याशा विद्यापीठाची 'फ्रँचायझी' तालुक्याच्या गावात दिसली, तर त्या पदवीची मान्यता आधी तपासावी, ती यामुळेच.

## काही हमखास आक्षेप

"शाखेतली पदवी दुय्यम मानतात." मानतात, आणि कधीकधी बरोबरही असतं. पण कारण अंतर नसतं. शाखेत तासिका तत्त्वावरची माणसं आणि मुख्यालयात कायम प्राध्यापक असं असेल, तर नोकरी देणारा फरक करणारच. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर आहे. तिथे शिकणाऱ्याला मुंबईच्या संस्थेचंच नाव मिळतं, आणि ग्रामीण विकासाचा अभ्यास मुंबईतल्या देवनारच्या मुख्य परिसरापेक्षा तिथे जास्त अर्थपूर्ण होतो, कारण विषय दारातच आहे.

"आता सगळं मोबाइलवर मिळतं, इमारत कशाला?" ऑस्ट्रेलियाने याला मधलं उत्तर शोधलं आहे. न्यू साउथ वेल्समधल्या कूमासारख्या छोट्या गावांत स्थानिक लोकांनी अभ्यासकेंद्रं काढली. ती कुठल्याही एका विद्यापीठाची नाहीत. मुलाने प्रवेश कुठेही घेतलेला असो, त्याला चांगलं इंटरनेट, शांत जागा, कॉम्प्युटर आणि अडलं तर विचारायला माणूस मिळतो. केंद्र सरकार त्याला पैसा देतं. अक्कलकुवा किंवा धडगावसाठी उद्या पूर्ण उपपरिसर येणं मला कठीण दिसतं, पण असं केंद्र शक्य आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं आहेतच. त्यांत अडलेल्या मुलाला बसायला आणि विचारायला जागा किती, हा मुद्दा.

"मग प्रत्येक तालुक्याला द्या की." इथे केळीचा शेतकरी हसेल. जेवढी पिलं ठेवाल तेवढा घड बारीक. विद्यापीठातली मंजूर पदंच रिकामी असताना तीच माणसं चार ठिकाणी वाटली, तर चारही ठिकाणी पाट्याच उरतात.

"शिरपूरसारखं खासगी येऊ द्या, सरकार कशाला?" येऊ द्यावं. तालुक्याच्या गावात इंजिनिअरिंगचा निवासी परिसर उभा राहणं ही साधी गोष्ट नाही. फक्त एक समजून घ्यावं: अभिमत विद्यापीठाचे प्रवेश राज्याच्या सामायिक प्रक्रियेतून होत नाहीत. मुलं देशभरातून येतात. परिसर शिरपूरचा म्हणून जागा शिरपूरच्या मुलाला, असं आपोआप होत नाही. भाडं, खानावळ, रिक्षा, नोकऱ्या यांतून गावाला मिळतं ते वेगळं, आणि तेही कमी नसतं. घरातल्या मुलीला तिथे पाठवायचं असेल तर आपली शिष्यवृत्ती तिथे लागू होते का, हे फॉर्म भरण्याआधी विचारावं.

"परदेशी विद्यापीठं आपल्या मुलांना काय देणार?" विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे त्यांना फी आणि प्रवेश ठरवायची मोकळीक आहे, आरक्षणाची सक्ती नाही. पदवी मात्र मूळ विद्यापीठाच्या नावाचीच हवी आणि मूळ देशातल्या पदवीच्या बरोबरीची हवी. आयोगाच्या मंजुरीशिवाय अभ्यासक्रम किंवा परिसर बंद करता येत नाही, आणि बंद झाला तर विद्यार्थ्यांची पर्यायी सोय करावी लागते. गंमत अशी की परदेशी पाहुण्याला घातलेली ही शेवटची अट आपल्या देशी उपकेंद्रांबद्दल कुणी मोठ्याने विचारत नाही.

## नंदुरबारला काय रुजेल?

माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार तिथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ली, पावरी, मावची बोलणारी मुलं तिथे शाळेत येतात. सिकलसेलसारखा आजार तिथे घरोघरी माहीत आहे. सातपुड्याचं जंगल आहे, वनहक्काचे दावे आहेत, गुजरातकडे होणारं स्थलांतर आहे. यातला प्रत्येक विषय जगातल्या कुठल्याही चांगल्या विद्यापीठाने हौसेने हाती घ्यावा असा. तिथे जळगावची छोटी नक्कल, म्हणजे तेच वाणिज्य आणि तेच व्यवस्थापन नेऊन ठेवलं, तर मुलं गाडी पकडून जळगावलाच जातील आणि त्यात चूक काय?

तिथे लागेल तो परिसर असा: विषय तिथले, सरकारने मंजूर केलेली कायम पदं तिथल्याच आस्थापनेवर, म्हणजे तिथला प्राध्यापक पुढच्या वर्षी कार्यालयीन सोयीसाठी जळगावला हलवता येणार नाही. आदिवासी बोलींत शिकवता येणारी माणसं निवडायचा अधिकार तिथल्या समितीला. मुख्यालयाकडे परीक्षा, निकाल आणि पदवी. फीचा आणि संशोधन निधीचा ठरलेला हिस्सा परिसराच्याच खात्यात. रिव्हरसाइडला कॉलेज व्हायला सत्तेचाळीस वर्षं लागली, त्यामुळे पहिल्या पाच वर्षांत विद्यार्थी कमी आले म्हणून फाइल बंद करायची नाही, हेही मंजुरीच्या आदेशातच लिहून घ्यावं लागेल.

पुढच्या वेळी उपकेंद्राच्या भूमिपूजनाची पत्रिका हातात आली, तर मंजूर पदांचा शासन निर्णय निघाला आहे का आणि त्यात किती प्राध्यापक आहेत, एवढं संबंधित लोकप्रतिनिधीला विचारून पाहा. इमारतीसाठी निधी एकदाच लागतो आणि तो बहुधा मिळतो. पगार दर महिन्याला लागतो, आणि त्याची तरतूद कुठल्या लेखाशीर्षात आहे हे पत्रिकेवर छापलेलं नसतं.